लेकीची नदी

लेक गेली तेव्हा तिच्या खोलीत एक अर्धवट कॅनव्हास उरला. संग्रहालयातल्या एका जुन्या निसर्गचित्राची ती नक्कल करत होती. नदीचं वळण, काठाला काळपट झाडं, वर ढगांनी भरलेलं आभाळ. शिकणाऱ्यानं आधी जुन्यांचं बोट धरावं, असं तिचे मास्तर म्हणत. तिचा खालचा तपकिरी थर तेवढा झाला होता, उजेड कुठे नि सावली कुठे एवढं दाखवणारा. मग ताप डोक्यात गेला आणि आठवड्याच्या आत सगळं आटोपलं.

बाप बसड्रायव्हर. कॅनव्हास काखोटीला मारून तो मास्तरांकडे गेला.

"एवढं पुरं करून द्या."

"मी केलं तर ते माझं होईल," मास्तर म्हणाले. "तुम्ही शिका, मी शिकवतो."

"मला साधी रेघ सरळ येत नाही हो."

"नदीला कुठे सरळ रेघ लागते?"

ड्यूटी संपली की तो तसाच क्लासला जायचा, लेकीच्या वयाच्या पोरांत बसायचा. दुसऱ्या कॅनव्हासवर तीच नदी काढायचा. "अहो, ब्रश आहे तो, गिअर नव्हे," मास्तर म्हणायचे, आणि पोरांबरोबर तोही हसायचा. ओल्यावर ओलं चढवून त्यानं कितीदा आभाळाचा चिखल केला. हळूहळू कळत गेलं: आधी पातळ, मग दाट. खालचं वाळेपर्यंत धीर धरायचा. लांबची झाडं निळसर, फिकी. सुट्टीच्या दिवशी तो मूळ चित्रासमोर इतका वेळ उभा राही, की तिथल्या पहारेकऱ्यानं आपलं स्टूल त्याला देऊ केलं.

रात्री तो घरीही सराव करी; घरभर टर्पेंटाइनचा वास असे. बायको खिडक्या उघडत नसे. "राहू दे," म्हणायची, "ती घरात असल्यासारखं वाटतं."

शेवटी हात बसला. मास्तर म्हणाले, "आता तिचा घ्या. पण तुमचा रंग चढला की तिचं काम झाकलं जाईल. तेलरंगाची रीतच ती."

"झाकलं तरी आत राहीलच ना."

त्यानं जीव ओतला. आभाळ झालं, झाडं झाली, सगळ्यात शेवटी पाण्यावरचा उजेड. वाळल्यावर चित्र स्वयंपाकघरात खुर्चीवर ठेवलं. बायकोनं हात पुसले, बराच वेळ पाहिलं.

"छान झालंय," ती म्हणाली. मग वाकून, जवळ जाऊन, "तिचं कुठंय?"

"खाली आहे."

"खाली कुठे?"

त्याचं बोट नदीवर गेलं, तिथून झाडांवर, तिथून आभाळात. जिथे तिथे त्याचाच हात.

दुसऱ्या दिवशी तो मास्तरांकडे धावला. वरचा रंग पुसता येईल का?

"पुसाल," मास्तर हलक्या आवाजात म्हणाले, "पण तिचंही त्यासोबत निघून येईल."

तो घरी येऊन जोडेही न काढता बसून राहिला. "चुकलं माझं," म्हणाला.

"चूक कसली," बायको म्हणाली. "तुम्हाला तिच्याजवळ जायचं होतं."

चित्र लेकीच्या खोलीत टांगलंय. येणारेजाणारे म्हणतात, लेकीचं राहिलेलं बापानं पुरं केलं. तो मान डोलावतो. बायको त्या खोलीत केर काढते, चादर बदलते, पण भिंतीकडे बघत नाही. त्यानं क्लास सोडला. मास्तरांनी दोनदा निरोप धाडला, तर म्हणाला, आता काढायचं काही उरलं नाही.