आधी चाल, मग नाव

माझ्या नणंदेला शाळेतली पोरं चोचबाई म्हणतात. नाक तसं आहेच, पण कारण वेगळं. रोज ती तिसरीचा वर्ग मैदानामागच्या कुंपणाशी न्यायची आणि पाखरं बघायला लावायची. नियम एकच, नाव घ्यायचं नाही. एकदा 'कावळा' म्हटलं की पोरं बघायची थांबतात, असं तिचं म्हणणं. आधी चालतो कसा, मान कुठे वळवतो, कशाला घाबरतो ते सांगा, नाव शेवटी. शेजारचा वर्ग माझा, त्यामुळे हे सगळं माझ्या कानांवर पडतं. घरीही सुटका नाही. माझ्या नवऱ्याच्या, म्हणजे तिच्या सख्ख्या भावाच्या चालीवर तिसरीत एक अख्खा तास झालाय.

मुख्याध्यापकांना हे फार खुपायचं. एक दिवस ते पाखरांचा तक्ता घेऊन तिच्या वर्गात गेले. चिमणीच्या चित्रावर छडी टेकवून म्हणाले, "हे काय आहे?"

पोरं चित्राकडे टक लावून बघत राहिली. शेवटी पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "सर, हे हलतच नाहीये. कसं सांगू?"

"साधी चिमणी ओळखता येत नाही? उद्यापासून बाहेर जाणं बंद!"

माझं डोकं सणकलं. वर्षभराची मेहनत एका छडीनं मोडीत! नणंद मात्र एवढंच म्हणाली, "बाहेर जाणं बंद ना? बरं."

दुसऱ्या दिवशी तिनं सगळे बाक फिरवले. पोरांची तोंडं खिडक्यांकडे, पाठ फळ्याकडे. बाकांची खरखर ऐकून मी धावले, तर मुख्याध्यापक माझ्याआधीच दारात.

एका पोरानं मागे बघितलं. "बाई, कुणीतरी आलंय."

"नाव घ्यायचं नाही," नणंद म्हणाली. "नीट बघा आणि सांगा."

सगळा वर्ग वळला.

"मान आत ओढलीये."

"छाती फुगवलीये, पण श्वास भरभर चाललाय."

"एक पाय आत, एक बाहेर."

पहिल्या बाकावरची मुलगी सगळ्यात जास्त वेळ बघत होती. "घाबरलंय, बाई," ती हळूच म्हणाली. "आपण हललो तर जाईल."

कुणी हसलं नाही. नणंदेनं साहेबांच्या डोळ्यांत डोळे घालून बघितलं. "शाबास. मग आपण हलायचं नाही."

साहेबांनी आतला पाय बाहेर घेतला आणि निघून गेले. बाक अजून खिडकीकडेच आहेत. कुणी फिरवून तर दाखवा.