न विचारता दिलेलं घर

गाडीच्या खिडकीतून मला श्रीधर दिसत होता. कोकणातल्या एका नारळाच्या बागेत येरझारा घालत माझा नवरा फोनवर बोलत होता, मोकळा हात आनंदाने हलवत. निवृत्तीनंतर आम्ही साताऱ्याचा फ्लॅट अकरा महिन्यांसाठी भाड्याने दिला होता आणि जुन्या मिनीबसमध्ये संसार मांडून निघालो होतो. नाही जमलं तर परत यायचं, असं दोघांनी मिळून ठरवलं होतं.

"ठोका की खिळे!" तो आमच्या भाडेकरूला हसत म्हणाला. "आपलंच घर समजा. अजून तीन वर्षं आम्ही येत नाही."

तो आत आल्यावर मी विचारलं, "तीन वर्षं?"

त्याने फोन खिशात टाकला. "तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

घरी रुसले की मी मागच्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायचे. इथे शेगडी, पलंग आणि फसवणारा माणूस, सगळं हाताच्या अंतरावर. माणसाला घर बहुधा याचसाठी लागत असावं. ज्याच्यावर जीव आहे त्याच्यापासून थोडा वेळ लांब बसता यावं म्हणून. तेवढी जागाही त्याने परस्पर देऊन टाकली होती.

मी खाली उतरले, बागेच्या टोकापर्यंत गेले आणि आमच्या भाडेकरू मुलीला फोन लावला.

"घर माझ्याही नावावर आहे. अकरा महिने झाले की मी राहायला येतेय."

ती गोंधळली. "काकू, आणि काका?"

"त्यांना मी विचारेन," मी म्हटलं.