निवडुंगाचे फोटो

निगडीच्या एका नर्सरीत दर रविवारी सकाळी मला एक गृहस्थ दिसायचे. मोबाइलला छोटंसं भिंग लावून ते निवडुंगांपुढे गुडघे टेकायचे आणि श्वास रोखून काट्यांच्या नक्षीचे फोटो काढायचे. विकत मात्र काहीच घ्यायचे नाहीत.

एकदा ते तिथल्या बाकावर बसले होते, तेव्हा मी विचारलं, "काका, बघू का फोटो?"

ते गोंधळले. मग बाकावर सरकून त्यांनी मला जागा दिली. "चाकणला कंपनीत होतो. भिंगातून पार्टवरचे चरे शोधायचो," ते म्हणाले. "हे फोटो आजवर कुणी बघायला मागितले नव्हते."

काट्यांची वर्तुळं, खोडावरच्या बारीक रेघा, पांढरी लव. शेकडो फोटोंत माणूस एकही नव्हता. अगदी शेवटच्या, जुन्या फोटोत निवडुंगाच्या कडेला एका बाईचं बोट अर्धवट आलं होतं.

"हा निवडुंग आमच्या घरच्या गॅलरीतला. बायकोनं लावलेला. ती गेली, आणि पाणी जास्त घालून मी तोही घालवला."

त्यांनी फोटो मोठा केला. काटे बाहेर सरकले आणि स्क्रीनभर फक्त ते बोट राहिलं.

"तेव्हा चिडलो होतो राव तिच्यावर," ते म्हणाले. "फोटोत येतंय, बोट बाजूला घे म्हणून."