यान्बूतली माझी फ्रेंच

फ्रेंच शिकायला माणसं पॅरिसला जातात. मी ती यान्बूत शिकलो, तीन आठवड्यांत, आणि माझी परीक्षा घ्यायला फ्रान्सचं लष्कर जहाजांतून आलं होतं.

इराक कुवेतमध्ये घुसला त्या वर्षाची ही गोष्ट. यान्बू म्हणजे सौदी अरेबियातलं, तांबड्या समुद्रावरचं रिफायनऱ्यांचं बंदर. सरहद्द आणि आमच्यामध्ये अख्खं वाळवंट आडवं पसरलेलं, तरी घाबरण्यात आम्ही कुणाला हार गेलो नाही. गॅस मास्क आले ते मोजके, आणि ते गोऱ्या इंजिनियरांच्या नाकांना पुरले. आम्हा कामगार-कॅम्पवाल्यांना नोटीस मिळाली : हल्ला झाल्यास ओला टॉवेल तोंडावर धरावा. (टॉवेल ज्याचा त्याने आणायचा होता.)

मी कॅम्पांना पाव-पाणी पुरवणाऱ्या एका कंपनीत स्टोअरकीपर होतो. युद्धाच्या भीतीने कामं थंडावली आणि परत पाठवायच्या माणसांच्या यादीत माझं नाव लागलं. तिकडे चिपळूणला माझं लग्न ठरलेलं. मुलीच्या वडिलांनी माझी पत्रिका पाहिली नव्हती, इकामा, म्हणजे सौदीत राहण्याचा परवाना, पाहिला होता. म्हणजे आधी नोकरी खलास आणि पाठोपाठ नवरी खलास.

तेवढ्यात फ्रेंच सैन्य आमच्याच बंदरात उतरलं. आमचे मॅनेजर हैदराबादचे. त्यांनी सगळ्यांना ऑफिसात गोळा केलं.

"मियाँ, ये फौज को रोटी-पानी देने का काँट्रॅक्ट होना अपने को. फ्रेंच किसको आती?"

माझा हात वर गेला. तो मी केला नव्हता. यादीतल्या माणसाचा हात आपोआप वर जातो.

"बोल के दिखाव."

"बोंझूर."

"बस, इत्ताच?"

"थोडा जंग लग गया है, साब. तीन हफ्ते में निकल जाएगा."

"जंग तो सबकोच लगी है, मियाँ," साहेब म्हणाले. "सीख लो. नै आयी तो पहली फ्लाइट में तुम."

मी तडक नारायणकाकांकडे गेलो. काका रिफायनरीत वेल्डिंगचे फोरमन, मूळचे मॉरिशसचे. त्यांचे पणजोबा रत्नागिरीहून तिकडे ऊस तोडायला गेलेले. काकांच्या घरात मराठी फक्त आरतीपुरती आणि शिव्यांपुरती उरली होती. बाकी सगळा संसार, माझ्या कानाला तरी, अस्सल फ्रेंचमध्ये चालायचा.

"फ्रेंच?" काका म्हणाले. "ती तर आमी रोज बोलताव. ये राव्हायला."

सावित्रीकाकींना मात्र शंका होती. "आमची फ्रेंच जरा घरातली हाय रे बाबा."

"काकी, घरातलं ते शुद्धच असतं," मी म्हणालो. तुपाच्या बाबतीत हे खरं आहे.

त्यांच्या फॅमिली कंपाउंडमध्ये सड्या पुरुषांना मज्जाव, म्हणून काकांनी गेटवर माझी नोंद 'पुतण्या' अशी केली आणि माझं परदेशी शिक्षण सुरू झालं. पाण्याला 'दिलो', भाताला 'दिरी', पावाला 'दिपें'. मी सगळं वहीत उतरवत होतो.

"काकी, भूतकाळ कसा करायचा?"

काकी मासे तळत होत्या. "मो पा कोने."

मी लिहिलं : भूतकाळ — मो पा कोने.

"आणि भविष्यकाळ?"

"अरे, मो पा कोने!"

लिहिलं : भविष्यकाळ — तोच, पण जरा जोरात. (याचा अर्थ 'मला माहीत नाही' असा होतो, हे आठवड्याने कळलं. तोवर माझे दोन्ही काळ पाठ झाले होते.)

काकांचा आवडता शब्द होता 'मारी'. मासे मारी चांगले, एसी मारी थंड, जावई मारी आळशी. "मारी म्हंजे लय," काकांनी समजावलं. "बोलताना जोर येतो." मला बिस्किटामुळे तो चटकन लक्षात राहिला. मग त्यांनी मला मुलाखतीचं वाक्य बसवून दिलं : 'मो मारी कोंताँ', म्हणजे मी लय खूश आहे. मी बाथरूममध्ये ते घोकायचो. गॅसच्या भीतीने काकींनी खिडक्यांच्या फटींना चिकटपट्टी लावली होती. गॅस कधी आलाच नाही, पण माझा उच्चार शेजाऱ्यांपर्यंत पोचला नाही तो त्या पट्टीमुळेच.

तीन आठवड्यांनी मी पावांची टोपली घेऊन बंदरावरच्या तंबूत हजर झालो. समोर रसद खात्याचा फ्रेंच अधिकारी. कोपऱ्यात बंदराचा ट्युनिशियन कारकून चहा पीत बसलेला. अधिकारी एका दमात पुष्कळ काही बोलला. त्यातलं मला काहीही कळलं नाही. मी छाती भरून श्वास घेतला.

"बोंझूर, मिस्ये. मो मारी कोंताँ."

त्याचं पेन थांबलं. "मारी?"

"वी, वी. मारी!" किती, ते मी दोन्ही हात पसरून दाखवलं.

त्याने मला डोक्यापासून चपलांपर्यंत पाहिलं. कारकुनाला ठसका लागला. मग अधिकारी हळूहळू इंग्रजीत म्हणाला, "व्हेअर इज ही?"

(त्याला इंग्रजी येत होतं! हे मी मॅनेजरांना आजतागायत सांगितलेलं नाही.)

मॅनेजरांबद्दल विचारतोय, असं मला वाटलं. "इन ऑफिस, सर."

"ही सेंट यू हिअर?"

"येस, सर. ही डिसाइड्स एव्हरीथिंग."

त्याने सहानुभूतीने मान हलवली. "ब्रिंग हिम टुमारो."

दुसऱ्या दिवशी मॅनेजर टाय लावून, अत्तर फासून निघाले. गाडीत मी त्यांना धडा दिला, "साब, वो कुछ भी पूछे, आप बस 'वी' बोलना, मतलब हाँ."

तंबूत शिरताच अधिकारी उठून उभा राहिला. त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"वू झेत ल मारी?"

"वी," मॅनेजर छातीवर हात ठेवून म्हणाले. "वी, वी."

अधिकाऱ्याने दोघांशी हस्तांदोलन केलं. माझा हात जरा जास्त वेळ दाबून तो म्हणाला, "बों कुराज" (म्हणजे 'धीर धर', हे मागाहून कळलं), आणि काँट्रॅक्टवर सही केली.

मॅनेजर पुढे जाऊन गाडीत बसले. मी मागून बाहेर आलो तर तो ट्युनिशियन कारकून डोळे पुसत उभा. मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाला, "सदीक, तेरा बोली फ्रेंच नहीं. वो मॉरिशस का क्रेओल. फ्रेंच में मारी मतलब शौहर. कल तुम बोला, मेरा शौहर खुश है. आज वो पूछा, शौहर आप? तुम्हारा मुदीर, वो मॅनेजर, बोला, हाँ."

"क्या बोल रा वो?" मॅनेजरांनी गाडीतून ओरडून विचारलं.

"मुबारक बोल रहा है, साब."

माझं नाव यादीतून निघालं, मॅनेजरांनी पाठ थोपटली, आणि मे महिन्यात चिपळूणला लग्न थाटात लागलं. फ्रेंच लष्कराच्या लेखी मी त्याआधीच विवाहित होतो, हे मी सासऱ्यांना अजून सांगितलेलं नाही. ते समजावून सांगण्याइतकी फ्रेंच मला येत नाही.