मागोमाग केर काढू नये

आमच्या घरात ते यंत्र आलं माझ्या हट्टामुळे. बायकोला नको होतं. चारकोपच्या आमच्या घराची एवढीशी लादी, ती काय हां हां म्हणता पुसून होते, असं तिचं म्हणणं. आईला मी विचारलंच नव्हतं. चिनी कंपनीचं, परातीएवढं गोल, केर ओढून लगेच लादी पुसणारं ते यंत्र खोक्यातून काढून मी चालू केलं, तेव्हा ते आधी चिनीत बोललं. बाईचा आवाज होता. आई सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती. "काय म्हणते रे ती?" तिने विचारलं. "चार्जिंग कमी आहे म्हणते," मी ठोकून दिलं. आईसमोर अडाणी ठरायची माझी तयारी नव्हती.

मी पुस्तिका वाचणारा माणूस. आमच्या कारखान्यात कोणी पुस्तिका न वाचता मशीनला हात लावला की माझं डोकं फिरतं. याची पुस्तिका तर मी दोनदा वाचली. चीनमधल्या कुठल्याशा ऑफिसात बसून कोणीतरी मन लावून विचार केला होता, की लोकांच्या घरात जमिनीवर काय काय पडलेलं असतं. मोजे, वायरी, चपला, मांजराने केलेली घाण. वाटेत असलं काही आलं की यंत्र थांबतं, त्याचा फोटो काढतं आणि हे अमुक असावं असा अंदाज मोबाइलवर कळवतं. आपल्याकडे माणसंसुद्धा एवढं कळवत नाहीत, असं मी बायकोला ऐकवलं. तिने ऐकून घेतलं.

मला वाटलं होतं आई कुरकुर करेल, पण तिचं आणि यंत्राचं छान जमलं. वडील गिरणीत असताना चाळीच्या खोलीत आणि नंतर इथे, तिने जन्मभर केरसुणी हाकली होती. गुडघे गेल्यापासून तिचं खाली बसणंच बंद झालं होतं आणि पलंगाखालची धूळ तिला दिसायची पण काढता यायची नाही. आता यंत्र पलंगाखाली शिरलं की ती कौतुकाने बघत बसायची. बाहेर आलं की "इलो बघ" म्हणून पाय वर घ्यायची. अट एकच, दिवेलागणीनंतर केर नाही. मी वाद घातला. म्हटलं, अगं, कचरा याच्या पोटातच राहतो, लक्ष्मी बाहेर जाणार कशी? "पोटात राहू दे नाहीतर पाठीत," ती म्हणाली, "तिन्हीसांजेला नको." मग मी सकाळची वेळ लावून टाकली. आम्ही दोघं कामाला बाहेर पडलो की थोड्या वेळाने ते आपोआप सुरू व्हायचं. रोजचं कामाला जाणं आईच्या लेखी जाणं नव्हतंच, त्यामुळे त्याबद्दल तिची तक्रार नव्हती.

पुढे माझ्या छातीत दुखायला लागलं, तपासण्या झाल्या आणि बायपास करायचं ठरलं. "हल्ली काय, कोणाचीही होते," मी आईला सांगायचो. "होय तर, दात काढल्यासारखं झालंय ते," आई मला सांगायची. तिला हे कोणी सांगितलं देव जाणे. आम्ही मायलेक इतके हसतखेळत बोलायचो की बायको वैतागली. "तुम्ही दोघं लग्नाला निघाल्यासारखे काय करताय?" ती म्हणाली. तिचं बरोबर होतं. माझी तंतरली होती, रात्री झोप लागत नव्हती, पण आईला कळता कामा नये एवढंच मी धरून बसलो होतो.

ॲडमिट व्हायच्या दिवशी सकाळी आईने हातावर दही ठेवलं. मी देवाला आणि तिला नमस्कार केला, रिपोर्टांची फाइल घेतली आणि आम्ही अंधेरीला जायला रिक्षात बसलो. लिंक रोडला मालाडच्या सिग्नलपाशी अडकलो असताना माझा मोबाइल वाजला. यंत्राचा निरोप होता. वाटेत अडथळा, बहुधा चपला.

फोटो उघडला तर चपला नव्हत्या. जमिनीच्या पातळीवरून काढलेला फोटो, त्यात भेगा पडलेले दोन तळवे, मागे लुगड्याची किनार आणि वरच्या कडेला अर्धी कापली गेलेली हनुवटी. आई आतल्या खोलीच्या दारात, चौकटीच्या मधोमध, पाय लांब करून जमिनीवर बसली होती.

पडली असणार. मी तिला फोन लावला, तो वाजून वाजून बंद झाला. "रिक्षा मागे घ्या," मी रिक्षावाल्याला म्हटलं.

बायकोने माझ्या हातातून मोबाइल घेतला आणि फोटो नीट बघितला. "पडल्या नाहीत, मुद्दाम बसल्यात," ती म्हणाली. "आज ते मशीन लावायचं नव्हतं हो. आपल्या मागोमागच सुरू झालं असणार."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. घरचं माणूस मोठ्या कामाला निघालं की त्याच्या मागोमाग केर काढायचा नसतो. माणूस बाहेर पडल्याबरोबर घर झाडतात ते एकदाच, मयत नेल्यावर. एरवी मी याच्यावर अर्धा तास बोललो असतो.

"मागे फिरूया," मी पुन्हा म्हटलं.

"अर्ध्या वाटेतून परत आलेलं चालेल त्यांना?" बायको म्हणाली आणि तिने शेजारच्या वहिनींना फोन लावला. त्यांच्याकडे आमची किल्ली असते. त्या बाजारात होत्या, लगेच निघते म्हणाल्या.

यंत्रातून बघता आणि बोलता येतं हे मी पुस्तिकेत वाचलं होतं, कधी करून बघितलं नव्हतं. आधी मी त्याला थांबवलं, मग ते बटण दाबलं. मोबाइलवर आई दिसली, हलणारी. दोन्ही हातांनी चौकट धरून बसली होती. पदर खांद्यावरून घसरला होता. समोरच्या यंत्राकडे ती डोळे वटारून बघत होती.

"आई," मी म्हटलं.

ती दचकली. "खयसून बोलतंस रे?" एखादा शब्द सोडला तर आमच्याशी ती मुंबईचंच बोलते. घाबरली की मालवणी येते.

"यातूनच बोलतोय. रिक्षात आहोत आम्ही. मी थांबवलंय ते, आता नाही चालणार. लागलं का तुला कुठे?"

"लागूक काय झाला? मीच बसलंय. ह्याचा बटण माका गावला नाय." मग जरा थांबून म्हणाली, "हॉलात नाय येवक दिलंय त्याका. थयसूनच तू गेलंस मां."

मी ज्या हॉलातून निघालो, तिथला केर तरी निघू नये म्हणून ती दारात बसली होती, आणि त्यात गुडघ्यांचं काय झालं असेल ते मला दिसत होतं. वहिनी येतायत, उठायचा प्रयत्न करू नकोस, असं मी तिला सांगितलं. ती बरं म्हणाली. सिग्नल सुटला, रिक्षा हलली. आता नेहमीचं काहीतरी बोलायचं, काळजी करू नकोस, साधं ऑपरेशन आहे, असं माझ्या ओठांवर आलं होतं. तोवर तीच यंत्राकडे वाकली. तिचा चेहरा इतका जवळ आला की फक्त डोळे आणि कपाळ दिसायला लागलं.

"माका भ्या वाटता रे," ती म्हणाली.

बायको माझ्याकडे बघत होती. रिक्षावाल्याला सगळं ऐकू जात होतं. "मला पण वाटतंय, आई," मी म्हटलं. "खूप वाटतंय."

मग तिने पदर सावरला, पाठ चौकटीला टेकवली आणि लांबलचक श्वास सोडला.

"मगे बरा," ती म्हणाली. "माका वाटला, माझ्या एकटीच्याच पोटात गोळो इलो हा."