प्रेसशॉपमधले पासपोर्ट

आमच्या प्रेसशॉपमधून कुणी पासपोर्ट काढायला गेला, की तो परत येताना पासपोर्ट आणत नाही, किस्सा आणतो. पासपोर्ट मागून पोस्टानं येतो. कधी येतच नाही. किस्सा मात्र त्याच दिवशी सेकंड शिफ्टच्या चहाला हजर!

झालं असं, की मागच्या वर्षी चाकणमध्ये एक एजंट आला. मस्कतच्या एका कारखान्यात आमच्यासारखीच पत्रा दाबायची प्रेस चालवायला माणसं पाहिजेत म्हणाला. आमच्या लाईनवरच्या नऊ जणांनी एकदम पासपोर्टचं मनावर घेतलं. त्यात मी आणि माझा मोठा भाऊ दत्ता. दोघांनी बरोबर जायचं ठरलं होतं. दादाचा पासपोर्ट आला, माझा राहिला, आणि चार महिन्यांपूर्वी दादा गेला. नाशिक रोडला कंटेनरनं उडवलं. त्याबद्दल मला काही सांगायचं नाही. पासपोर्टचं सांगतो.

* * *

माझा फॉर्म भरायला दादाच मला सायबर कॅफेत घेऊन गेला होता. कारण मला फॉर्म दिला की घाम फुटतो. कॅफेवाला दर प्रश्न अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल असा विचारायचा.

"शिक्षण?"

"नववी."

"पास का नापास?"

"नववीत बसलो होतो."

"म्हणजे आठवी," तो म्हणाला आणि टाईप करून मोकळा झाला. मग त्यानं समजावलं, की दहावी पास नसलेल्याच्या पासपोर्टवर एक शिक्का येतो. असा माणूस आखातात कामाला निघाला, की सरकार आधी चौकशी करतं. एजंट बरोबर आहे का, तिकडं फसवणार तर नाहीत ना, वगैरे.

दादा म्हणाला, "बघ गण्या, सरकारला तुझी किती काळजी!"

मी म्हटलं, "मी नववीतून उठून पेपर टाकायला जायला लागलो, तेव्हा कुठं होतं सरकार?"

कॅफेवाला म्हणाला, "भाऊ, त्याला कॉलम नाही."

* * *

वाघमारे मामा आमच्या लाईनवरचे सगळ्यात जुने. सोळा वर्षं प्रेसवर. हात घालून पीस काढायचा, पायानं पेडल दाबायचं, असल्या जुन्या प्रेसवर. सेन्सर बसवणार म्हणून कंपनी दरवर्षी सांगते. दसऱ्याला मशिनला हार घालताना साहेब नारळ फोडून सांगतात, त्यामुळे आमचा विश्वास बसतो.

मामा पासपोर्टच्या ऑफिसात गेले. काउंटरवर एक तरुण मॅडम होत्या. कॉम्प्युटरकडे बघतच म्हणाल्या, "दहाही बोटं ठेवा."

मामांनी हात ठेवले. मशिन टीं टीं करायला लागलं.

"काका, दहा ठेवा ना!"

"आठच आहेत, मॅडम."

मॅडमनी वर बघितलं. "बाकीची दोन?"

"ती कंपनीत ऱ्हायली," मामा म्हणाले. "ती पर्मनंट झाली. आम्ही आठ अजून कॉन्ट्रॅक्टवर आहोत!"

मामा सांगतात, मॅडम हसल्या नाहीत. उठून पाणी प्यायला गेल्या. आम्ही मात्र इतकं हसलो, की सुपरवायझर बघायला आला, कुणाचं काय अडकलं!

* * *

सोपान आमच्या शेजारच्या खोलीत राहतो. दहा बाय दहाची खोली, तीन खाटा आणि राहणारे नऊ. कसं जमतं? शिफ्टवर जमतं. फर्स्टवाले गेले, की थर्डवाले येऊन त्यांच्याच गरम अंथरुणात पडतात. चाकणला खाट कधी थंड होत नाही.

सोपानच्या पोलीस व्हेरिफिकेशनला शिपाई आला सकाळी दहाला. खाटेवर माणूस झोपलेला. उठवलं. "सोपान तूच का?"

"नाही, मी बाळू. सोपान फर्स्टला गेलाय."

पुढच्या आठवड्यात शिफ्ट बदलली. शिपाई डोकं लावून संध्याकाळी सहाला आला. खाटेवर माणूस. "सोपान?"

"नाही, मी रमजान. सोपान सेकंडला आहे."

तिसऱ्यांदा तो रविवारी आला, म्हणजे सुट्टीच. तर सोपान ओव्हरटाइमला! शिपाई बिचारा घामाघूम झालेला. तिथंच खाटेवर बसून त्यानं रिपोर्ट लिहिला. बाळूनं मागून वाचला: "सदर पत्त्यावर अर्जदार सोडून सगळे राहतात."

* * *

त्याच सोपानला मग रहिवासाचा पुरावा मागितला. आमचे घरमालक तात्या. पूर्वी त्यांचं रान होतं, कंपन्या आल्या, रान गेलं, तात्यांनी उरलेल्या तुकड्यावर बावीस खोल्या काढल्या. भाडं पाच तारखेला वाजवून घेतात. पण भाडेकरार म्हटलं, की त्यांना एकदम कमी ऐकू येतं.

"करार न्हाई व्हायचा," तात्या म्हणाले. "कागदावर हितं खोल्याच न्हाईत."

"मग काय आहे?"

"गोठा हाय."

पंचायतीत खरंच गोठ्याची नोंद! सोपान दोन दिवस मागं लागला. शेवटी तात्यांनी वैतागून चिठ्ठी लिहून दिली, खाली सही, अंगठा, सगळं. आपण खोटं लिहिणार नाही, म्हणाले. माणूस सच्चा. चिठ्ठीत लिहिलं होतं: "सदर इसम तीन वर्षांपासून माझ्या गोठ्यात राहतो. वागणूक चांगली आहे."

काउंटरवरच्या साहेबांनी ती दोनदा वाचली. चष्मा काढला. सोपानकडे खालून वर बघितलं आणि विचारलं, "देतो किती लिटर?"

* * *

दादाचा फोटो निघाला तो दिवस मला आठवतो, कारण मी बाहेर गेटवर होतो आणि याला दोन तास लागले. दादाला तोंड बंद ठेवता येत नसे. म्हणजे बोलायचा नाही, हसायचा. कॅमेरा समोर आला, की जास्तच.

"हसू नका," आतला पोरगा म्हणाला.

दादा हसला.

"अहो, दात दिसतायत!"

दादा आणखी हसला. चार वेळा झालं. शेवटी त्या पोरानं वैतागून विचारलं, "एवढं हसायला काय झालंय? कुठं चाललाय?"

दादा म्हणाला, "प्रेस चालवायला." आणि पाचवा फोटो बरोबर आला!

दादा गेला, तेव्हा घरात त्याचा दुसरा धड फोटो सापडेना. सगळ्यात कुणीतरी खांद्यावर हात टाकलेला, नाहीतर तोंडासमोर वडापाव. मग चौकात भावपूर्ण श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागला, त्यावर तोच पासपोर्टचा फोटो. दादा वर कोपऱ्यात, पोलिसानं पकडल्यासारखा. खाली इच्छुक नगरसेवक, भावी सरपंच, मित्रमंडळाचे आधारस्तंभ, एकूण अकरा जण. दादाच्या दुप्पट मोठे. आणि अकराच्या अकरा दात काढून हसतायत!

मी खांबावर चढून फ्लेक्स फाडला. भावी सरपंचांचा माणूस खाली उभा राहून ओरडत होता, "अरे, डिझायनिंगचा खर्च झालाय!"

* * *

माझी अपॉइंटमेंट दादाच्या तेराव्यानंतर आली. मी थर्ड शिफ्ट करून तसाच गेलो. अंगाला ऑइलचा वास. रांगेतली माणसं थोडी लांब उभी राहिली, ते बरंच झालं, टेकायला जागा मिळाली.

शेवटच्या काउंटरचे साहेब गप्पिष्ट होते. "कशाला चाललाय बाहेर?"

"कामाला."

"अरे, अख्खा देश तुमच्या चाकणला कामाला येतो! आणि तुम्ही चालले बाहेर? इथं काम नाही का?"

"आहे ना, साहेब," मी म्हटलं. "बारा बारा तास आहे. म्हणून तर चाललोय."

साहेबांनी शिक्का मारला. जरा जोरातच मारला.

* * *

राहिलं पोलीस व्हेरिफिकेशन. एजंटचा फोन रोज यायचा. शनिवारपर्यंत पासपोर्ट हातात नसेल, तर तुझी जागा दुसऱ्याला, आणि पुढची बॅच कधी ते मलाही माहीत नाही. घरी आई, वहिनी आणि दादाची दीड वर्षाची पोरगी. वहिनी कंपनीच्या कँटीनमध्ये चपात्या लाटायला जायला लागली होती. आईला मी सांगितलं होतं, मी जातो, सगळं नीट होईल. सांगून बसलो होतो.

सोमवारी चौकीतून बोलावणं आलं. हवालदार वयस्क होते, शांत, चहापाणी वगैरे काही नाही. उलट एका एका ओळीवर बोट ठेवून वाचायचे, त्याचीच भीती वाटत होती. माझ्या पुढं एक जण होता. त्याच्या फॉर्मवर वडील हयात असल्यासारखं लिहिलेलं, आणि ते दिवाळीत वारलेले.

"फॉर्म काय सांगतो आणि तू काय सांगतोस?" हवालदार म्हणाले. "दुरुस्त कर. परत पहिल्यापासून अपॉइंटमेंट घे. जा."

तो म्हणाला, "साहेब, फॉर्म भरला तेव्हा जिवंत होते."

"ते मला दिसत नाही. मला कागद दिसतो."

तो गेला. मी खुर्चीत बसलो. पत्ता झाला, लाईट बिल झालं, दोन शेजाऱ्यांच्या सह्या झाल्या. मग त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं.

"तातडीच्या वेळी संपर्क. दत्ता. भाऊ. हा कुठंय?"

फॉर्म भरताना दादानं स्वतःचं नाव आणि नंबर सांगितला होता, त्यावर आम्ही दोघांनी विचारसुद्धा केला नव्हता. दुसरं कुणाचं सांगणार?

मी म्हटलं, "कामावर आहे."

माझ्या तोंडातून ते गेलं. मी ठरवलं नव्हतं.

"लावतो त्याला फोन," हवालदार म्हणाले आणि चष्मा सरकवून नंबर दाबायला लागले.

दादाचा मोबाईल माझ्या खिशात होता. काच फुटलेला. मी तो रोज चार्ज करतो, रिचार्जही मारतो. का, ते मला विचारू नका.

"साहेब, जरा लघवीला जाऊन येतो," म्हटलं आणि उठलो. दाराबाहेर पाय पडला, आणि मांडीला फोन थरथरायला लागला. चौकीच्या मागं जप्त केलेल्या मोटारसायकली लावल्यात, तिथं पळालो. खिडकीतून हवालदारांची पाठ दिसत होती. फोन उचलला.

"दत्ता बोलतोय का?"

"हां. बोला."

"पोलीस चौकीतून बोलतोय. गणेश तुमचा कोण?"

"धाकटा."

"कसा आहे पोरगा? दारू, मारामारी?"

"दारू नाही, साहेब. डोकं गरम आहे. पटकन भडकतो, मग रडत बसतो. मनानं वाईट नाही."

"शिकला नाही फारसा."

"ती चूक माझी," मी म्हटलं. "तेव्हा मी लक्ष द्यायला पाहिजे होतं."

खिडकीतून दिसलं, हवालदार काहीतरी लिहीत होते.

"बरं. परदेशात चाललाय. तिकडं काही अडचण आली, तर इकडं तुम्ही आहात ना बघायला?"

रस्त्यावरून एक ट्रेलर रिव्हर्स येत होता, त्याचा हॉर्न वाजत होता. मी थोडा वेळ तोच ऐकत राहिलो.

"हॅलो? आवाज कट होतोय. आहात ना?"

"आहे," मी म्हटलं. "मी आहे. जाऊ द्या त्याला."

नळावर तोंड धुतलं आणि आत गेलो. हवालदार सही करत होते. कागद माझ्याकडे फिरवला, पेन दिलं.

"भावाशी बोललो. समजूतदार माणूस आहे. तुझ्यासारखा नाही."

"हो, साहेब."

"आवाज मात्र सेम टू सेम."

"हो," मी म्हटलं. "सगळे म्हणतात."