मळक्या कपड्यांची खोली

माझ्या मावशीला आमच्या ख्रिस्ती देवळात सगळे इस्त्रीमावशी म्हणायचे. धुलाईच्या कारखान्यात ती रुळांच्या मोठ्या इस्त्रीवर कामाला होती. दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी तिथे धुवायला यायच्या. दोघींनी ओल्या चादरीची दोन टोकं धरून ती तापलेल्या रुळांच्या तोंडी द्यायची, की पलीकडून ती कडक होऊन बाहेर पडायची. उकाडा असा की बायका म्हणायच्या, आम्हाला नरकाची भीती घालू नका, आमची सवय झाली आहे. हे मूळ वाक्य मावशीचंच असावं असा माझा संशय आहे.

आई गेल्यावर मी मावशीकडेच वाढले. तिच्या नवऱ्याची, काकांची, पाठ गवंडीकामात गेली होती. ते घरी बसून स्वयंपाक करायचे आणि जगाला नावं ठेवायचे. घर चालायचं ते मावशीच्या हातावर. ही नोकरी तिला मुकादमाने लावून दिली होती. तो आमच्याच मंडळीतला, देवळाच्या पंचांपैकी एक. प्रभुभोजनाच्या दिवशी सगळ्यांनी घोट घ्यायचा द्राक्षारसाचा प्याला तोच फिरवायचा. मावशी त्याला कारखान्यात 'साहेब' म्हणायची आणि देवळात 'भाऊ'. तो तिला कारखान्यात 'बाई' म्हणायचा आणि देवळात 'ताई'. यात कधी कोणाला काही वावगं वाटलं नाही.

रुळांच्या तोंडाशी एक लोखंडी पट्टी होती. तिला बोट टेकलं की यंत्र जागच्या जागी थांबायचं. पण चादरीला चुणी पडली तरी ती दबायची आणि काम अडायचं. मालकाने आरडाओरडा केला, तेव्हा मुकादमाने पट्टी तारेने वर बांधून टाकली. मावशीच्या जोडीला जी बाई होती तिला सगळ्या डावखुरी म्हणत. एका दुपारी चादरीच्या काठाबरोबर तिचा डावा हात आत ओढला गेला. यंत्र थांबलं नाही. मावशी किंचाळत बटणापर्यंत पोचली तोवर हात मनगटापर्यंत आत होता. त्यापुढचं ती कधी बोलली नाही. फक्त म्हणाली, वास नाकातून जात नाही.

डावखुरीला घेऊन गाडी फाटकाबाहेर पडत होती आणि मुकादम पक्कड घेऊन तार सोडत होता. मावशीने ते पाहिलं. तिने पाहिलं हे त्यानेही पाहिलं.

"बाई," तो म्हणाला, "चौकशीला सरकारी साहेब येतील. तू समोर होतीस. तिचं लक्ष नव्हतं, एवढंच सांग."

"लक्ष होतं, साहेब."

"जरा घरच्यांच्या पोटाचा विचार कर."

काकांनी तो विचार तिच्या आधी केला होता. "पाण्यात राहून माशाशी वैर धरू नये," ते म्हणाले. मावशी कामाची साडी वाळत घालत राहिली, तसे ते चिडले. "आणि मला सांगतेस तरी कशाला? तुझं आधीच ठरलेलं असतं. मी आपला आमटीत पाणी वाढवायला लागतो."

चौकशीला आलेल्या साहेबांपुढे मावशीने सांगितलं, पट्टी बांधलेली होती. बाकीच्या बायका म्हणाल्या, आम्ही काही पाहिलं नाही. साहेबांनी पट्टीला बोट लावलं. यंत्र लगेच थांबलं. मग त्यांनी मावशीकडे वळून पाहिलं, खोटं बोलताना सापडलेल्या माणसाकडे पाहतात तसं. निष्काळजीपणाचा ठपका डावखुरीवर आला. तिला भरपाई मिळाली नाही, हाताची बोटंही वाचली नाहीत.

आठवडा उलटायच्या आत मावशीला मळक्या कपड्यांच्या खोलीत पाठवलं. मागच्या बाजूची, बिनखिडकीची खोली. दवाखान्यांतून आलेली गाठोडी तिथे सोडायची; रक्ताचं वेगळं, घाणीचं वेगळं. हातमोजे फाटलेले. कधी चादरीच्या घडीतून सुई निघायची. "तुझं मन फार स्वच्छ आहे ना," मुकादम म्हणाला, "इथे अशाच माणसाची गरज होती."

त्या रविवारी देवळात तो उभा राहिला आणि कारखान्यात जखमी झालेल्या एका बहिणीसाठी त्याने मोठ्याने प्रार्थना केली. आवाज भरून आला होता त्याचा. सगळे आमेन म्हणाले. मावशीचे ओठ हलले नाहीत. बाकाची कड तिने अशी घट्ट धरली होती की मला वाटलं, ही आता उठून ओरडणार. ती ओरडली नाही. उपासना संपल्यावर देवळाच्या धर्मगुरूंच्या, पाळकसाहेबांच्या खोलीत गेली, मला हाताला धरून.

पाळकसाहेब म्हातारे होते, भले होते, आणि भांडणांना घाबरायचे. सगळं ऐकून म्हणाले, "सहन कर, बाई. प्रभूवर खोटे आरोप झाले तेव्हा तोसुद्धा गप्प राहिला."

"स्वतःसाठी गप्प राहिला," मावशी म्हणाली. "दुसऱ्यावर अन्याय झाला तेव्हा तो कधी गप्प राहिला, तेवढं मला दाखवा. मी गप्प बसते."

पाळकसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. म्हणाले, "मग प्रभूने सांगितलेल्या वाटेनेच जा. आधी एकटी मुकादमाकडे जा. नाही ऐकलं तर साक्षीला कोणाला घेऊन जा. तरी नाही ऐकलं, तर मंडळीपुढे बोल."

ती एकटी गेली. मुकादमाच्या बायकोने पाणी दिलं आणि ती आतल्या दाराशी उभी राहिली. मुकादम म्हणाला, "मालकानेच बांधायला लावली. मी खरं बोललो तर उद्या रस्त्यावर येईन. माझ्या तीन मुली आहेत." त्याचे डोळे खरोखर ओले झाले होते, असं मावशी सांगायची. "थोडं थांब, ताई. मी तुला पुन्हा रुळांवर घेतो."

"मी माझ्या जागेसाठी नाही आले, भाऊ. त्या बाईच्या माथी मारलेला ठपका काढा."

तो उठून दिवाणखान्यातला पंखा बंद करून आला, म्हणजे आता जा.

दुसऱ्या वेळी साक्षीला पाळकसाहेब आणि शेजारच्या रुळावरची एक ठेंगणी बाई येणार होती. ठेंगणी आलीच नाही. पाळकसाहेब आले, पण मुकादम पहिल्या वेळी बोललेलं सगळं विसरला होता. पट्टी बांधलेली नव्हतीच, म्हणाला.

मग मावशी मंडळीपुढे उभी राहिली. उपासनेनंतर, चपला शोधायच्या गडबडीत असलेल्या लोकांपुढे. निम्म्या घरांत कारखान्याचा पगार येत होता, आणि तो लावून देणारा एकच माणूस होता. तिचं बोलून झाल्यावर एक आजोबा म्हणाले, "कारखान्याची धुणी देवळात कशाला?" कोणीतरी हसलं. बाकीचे खाली पाहत राहिले. काकाच तेवढे पाठ धरून उठले आणि तिच्याशेजारी जाऊन उभे राहिले. बोलले काहीच नाहीत. त्यांच्यासारख्या माणसाला ते किती जड गेलं असेल!

त्यानंतरच्या प्रभुभोजनाला प्याला मुकादमाच्याच हातात होता. मी मावशीच्या कानात म्हटलं, घेऊ नकोस. ती म्हणाली, "मेजवानी त्याची नाही." तिने प्याला घेतला आणि ओठांना लावला. तिच्या पलीकडे बसलेल्या बाईने मात्र तो तसाच पुढे दिला. मळक्या कपड्यांत हात घालणाऱ्या बाईचं उष्टं तिला नको होतं. मावशीची मान त्या दिवशी पहिल्यांदा खाली गेली.

काही महिन्यांनी त्या बिनखिडकीच्या खोलीत आणखी एक बाई येऊन उभी राहिली. ठेंगणी. मुकादमाने तिला पट्टी पुन्हा बांधायला सांगितलं होतं आणि ती नाही म्हणाली होती. "तुम्ही बोललात तेव्हा मी घरात लपून बसले होते, मावशी," ती म्हणाली. मावशीने तिला धडके हातमोजे दिले आणि स्वतः फाटके घातले.

सुई टोचली ती तेव्हाच कधीतरी. पुढे ताप, मग कावीळ, तीही रक्तातून आलेली वाईट जातीची. कारखान्याने सांगितलं, रोग कुठूनही लागला असेल. मावशीचं काम सुटलं. मी शाळा सोडून एका दुकानात उभी राहायला लागले.

अंथरुणावरून ती रोज प्रार्थना करायची. डावखुरीचं नाव असायचं, ठेंगणीचं असायचं, आणि मुकादमाचंही. एकदा मी रागाने विचारलं, "त्याच्यासाठी काय मागतेस?"

"काही नाही," ती म्हणाली. "त्याच्यासाठी चांगलं माझ्याच्याने मागवत नाही. वाईट मागायची बंदी आहे. म्हणून नुसतं नाव घेते. पुढचं प्रभूचं प्रभूने बघावं."

"मग राग गेला का तुझा?"

"कुठे जातोय? आहे इथेच, उशाशी." तिने कूस बदलली. "ठेंगणी येणार होती आज. चहाला दूध आहे का, बघ."